न घेतलेल्या सुईचा ताप

‘परवा तुम्ही उजवा दंड दाखवला होता,’ शिवणकाम करणारी बाई म्हणाली आणि तिने मशीनचं चाक तळहाताने थांबवलं.

मीटरवाला तिच्या दारात उभा होता. डावी बाही खांद्यापर्यंत सरकवलेली, उजव्या हाताचं बोट दंडावरच्या एका जागी टेकलेलं, आणि ‘हे बघा ताई, इथेच, मुंगी चावल्यासारखं झालं, बस’ हे वाक्य निम्मं तोंडाबाहेर आलेलं. गेल्या तीन आठवड्यांत हे वाक्य त्याने दोनशे दारांत तरी म्हटलं असेल. इतकं घोटलेलं, की ते म्हणताना त्याचं लक्ष भलतीकडेच असायचं. कुणाच्या दाराला किती कड्या आहेत, कुणाच्या चपला उंबऱ्याच्या आत आणि कुणाच्या बाहेर, आपल्याला बघून कुणी नाकावरचा मास्क वर ओढला आणि कुणी मुद्दाम खाली. आता मात्र ते लक्ष धावत जागेवर आलं.

‘असेल,’ तो म्हणाला. ‘उजवा काय नि डावा काय.’

‘असं कसं? मी बाह्या लावते, भाऊ. एखाद्याचं तोंड विसरेन, दंड नाही विसरायची. तुम्ही शेजारच्यांना दाखवत होतात. उजवी बाही वर केली होतीत, तिचं मनगटाचं बटण तुटलं होतं. ते बघा, अजून तुटलेलंच आहे.’

त्याने मनगटाकडे पाहिलं. बटणाच्या जागी दोऱ्याचे दोन तंतू होते. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच त्याला अवघड झालं. माप एकदा घेतलं, पुन्हा घेतलं, दोन आकडे जुळले नाहीत, तर मापाची फीत हातात धरून माणूस जसा थांबतो, तशी ती थांबली होती. ‘मी आपलं विचारलं,’ ती म्हणाली. ‘आईचं मी तुमच्या शब्दावर सोडलं होतं. ती नको म्हणते, मला ठरवता येत नाही. म्हटलं, पाण्याच्या मीटरवाले खोटं कशाला बोलतील? त्यांना काय मिळायचंय?’ आतल्या खोलीतून खोकल्याची एक लांब उबळ आली आणि थांबता थांबता पुन्हा सुरू झाली. तिच्या आईची छाती आधीच अधू. आज पाच वाजता शाळेतलं लसीकरण केंद्र आवरून गावाच्या दुसऱ्या टोकाला जाणार होतं आणि परत कधी येईल ते वरच्यांनाही ठाऊक नव्हतं. अख्खी गल्ली हिच्याकडे कपडे टाकायला यायची. हिने उद्या कुणाला नुसतं एवढं म्हटलं की मीटरवाला कधी उजवा दाखवतो, कधी डावा, तर एकही माणूस पुढच्या वेळीसुद्धा फिरकणार नव्हता.

‘तासाभरात येतो,’ तो म्हणाला आणि बाही खाली न करताच निघाला.

गल्लीच्या टोकाला येईपर्यंत त्याला स्वतःचं नवल वाटायला लागलं होतं. घाबरायला हवं होतं, ओशाळायला हवं होतं. ते होतंच थोडं. पण त्याच्यावर एक जुनी खोड स्वार झाली होती, डोकावून बघायची. सव्वीस वर्षं त्याने हेच केलं होतं. जिन्याखाली, मोरीमागे, पत्र्याच्या पिंपाआड, कुठे कुठे वाकून त्याने मीटरची काच पुसली होती आणि आकडा वाचला होता. आपलं मीटर कुठे आहे हे घरातल्यांना बहुधा माहीतच नसतं, हा त्याचा अनुभव. ते म्हणायचे, ‘आमच्याकडे नाहीच मीटर,’ आणि हा त्यांच्या डोळ्यांसमोर अडगळ बाजूला करून ते काढून दाखवायचा. म्हणून तर खात्याने त्याला लसीच्या कामावर पाठवलं. आरोग्यवाल्या बायकांना लोक दाराच्या फटीतून पिटाळून लावत होते, पण मीटरवाल्याला आत घेत होते. एवढी वर्षं ज्याने आपली मोरी पाहिली त्याच्यापुढे लपवण्यासारखं काय उरतं? आणि आता त्याला आपल्याच आत डोकवायचं होतं, तर अडगळ कुठून बाजूला करायची तेच समजेना.

घडलं ते एवढंसं होतं. पहिल्या दिवशी केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना लस द्यायची होती. यादी अकरा जणांची, कुपी दहा जणांची. अक्षर चांगलं म्हणून यादी त्याच्याकडे. एकेक जण खुर्चीवर बसत होता आणि हा नावापुढे खूण करत होता. शेवटचं नाव त्याचंच. सहाव्या-सातव्या माणसाच्या सुमाराला जरा सवड होती, तेव्हा त्याने आपल्या नावापुढेही खूण करून ठेवली. आता घेणारच आहोत, मग राहून कशाला जायला हवं? त्याच्या धंद्यात हे पाप नव्हतं. घराला कुलूप असलं की मागच्या तीन वेळांची सरासरी काढून आकडा टाकायचा. पुढच्या खेपेला घर उघडं मिळतं, खरा आकडा मिळतो, सगळं आपोआप जुळतं. सव्वीस वर्षांत न जुळलेलं एकही घर त्याला आठवत नव्हतं. मग दहावा माणूस उठला आणि परिचारिका म्हणाली, ‘काका, तुमची उद्या हं. एकासाठी नवी कुपी नाही फोडता येत, चार तासांत वापरली नाही तर फेकावी लागते.’ ठीक आहे, तो म्हणाला. यादीत खाडाखोड करणं त्याच्या जिवावर आलं. इतकी स्वच्छ यादी. संध्याकाळी ती संगणकात गेली आणि दुसऱ्या दिवसापासून तो लस घेतलेला माणूस झाला.

पण दुसऱ्या दिवशी का नाही घेतली? तिसऱ्या? इथपर्यंत आला की त्याची पावलं मंदावत. रोज संध्याकाळी एखाद-दुसरी मात्रा उरायची. परिचारिका व्हरांड्यात येऊन ओरडायची, ‘अजून कोण राहिलंय हो? वाया जाईल!’ आणि तो, तो स्वतः, तिरासारखा रस्त्यावर जाऊन कुणाला तरी गाठायचा. एकदा बसचा वाहक, एकदा घड्याळदुरुस्तीवाला, एकदा तर चुकून पत्ता विचारायला थांबलेला एक अनोळखी गृहस्थ. त्यांना हाताला धरून आणताना त्याला खराखुरा आनंद व्हायचा, काहीतरी वाचवल्याचा. त्या धावपळीत आपण स्वतः राहिलोय हे त्याच्या मनातही यायचं नाही. की यायचं? येऊन, चप्पल न काढता, बाहेरच्या बाहेर जायचं?

रस्त्यालगत एक बंद दुकान होतं. त्याच्या पायरीवर तो बसला. समोर गॅलरीत एक माणूस ओला शर्ट झटकून वाळत घालत होता, पुन्हा पुन्हा झटकत होता, जणू शर्टातून कुणाला तरी हाकलायचं होतं. लस नाही घेतली हे बायकोलाही त्याने सांगितलं नव्हतं. तिने पहिल्या संध्याकाळी दारातच विचारलं, ‘झालं का टोचून?’ आणि उद्या होणार म्हटलं असतं तर लांबण लागलं असतं, म्हणून तो ‘झालं’ म्हणून मोकळा झाला. तिने त्याच्या कपाळाला हात लावला. ‘अंग कोमट लागतंय,’ ती म्हणाली. तिने गोळी दिली, त्याने ती घेतली, आणि झोपायच्या वेळेपर्यंत त्याला खरोखर कणकण आली. दंड जड झाला. कूस बदलताना तो कण्हलासुद्धा. पुढे दारोदार जाऊन त्याने या कणकणीचं वर्णन केलं. पहिल्या रात्री थोडा ताप येतो, सांधे धरतात, सकाळी माणूस ताजातवाना. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. ताप त्याला आला होता. फक्त सुई तेवढी गाळलेली होती. हे असं कसं होतं? अंगाला कुणी सांगितलं? तो स्वतःचा दंड दाबून बघत राहिला. एखाद्या घरात नळ बंद असताना मीटरचा काटा फिरताना दिसावा आणि गळती कुठे आहे ते सापडू नये, तसं त्याला झालं.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. शाळेत एकदा टोचायला आले होते. पांढऱ्या कोटातला माणूस, स्पिरिटचा वास, स्टीलच्या डब्यात उकळलेल्या सुयांचा किणकिणाट. तो शाळेच्या मोरीत जाऊन लपला होता. घरी येऊन आईला ‘टोचलं’ म्हणून सांगितलं. आईने दोन्ही मुलांना शेजारी शेजारी बसवून गरम फडक्याने दंड शेकले होते, आधी थोरल्याचा, मग त्याचा. तो उबदार दाब अजून त्याला आठवत होता, आणि न टोचलेला हात दुसऱ्या दिवशी खरंच वर उचलला जात नव्हता हेही. थोरल्याला सगळं ठाऊक होतं, पण त्याने चहाडी केली नव्हती. एवढ्या वर्षांत दोघांत त्याचा विषय कधी निघाला नव्हता. त्याने खिशातून फोन काढला. भाऊ दूरच्या गावी असायचा, दुपारी झोपलेला असायचा.

‘दादा, शाळेत टोचायला आले होते, तुला आठवतं? मी मोरीत लपलो होतो तेव्हा?’

‘काय झालं? बरा आहेस ना?’

‘बरा आहे रे. आठवतं का सांग.’

‘न आठवायला काय झालं? पण तू कुठे लपलास? लपलो मी!’ भाऊ हसला. झोपेतलं, घोगरं हसू होतं ते. ‘तू तर पहिल्या रांगेत होतास. हूं का चूं केलं नाहीस. बाईंनी तुझं उदाहरण दिलं वर्गाला. आणि घरी आईने मलाही शेकलं. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं तेव्हा. तू चहाडी केली नाहीस, हे मी अजून विसरलो नाही.’

‘नाही रे, मी…’

‘अरे, माझी गोष्ट आहे ती! तुला काय माझं सगळंच हवं असतं का लहानपणापासून?’

त्याने फोन खिशात ठेवला. दोघांपैकी एक जण चुकत होता, किंवा दोघंही लपले होते, किंवा आईने शेकलेल्या दोन्ही दंडांवर सुई लागलीच नव्हती आणि ती बिचारी दोन धडधाकट हात घासत बसली होती. बाही अजून वरच होती. डाव्या दंडावर एक वाटोळा जुना वण होता, बटणाएवढा. तान्हेपणीचा असेल, शाळेतला असेल. वणावर तारीख नसते. लोकांना दाखवताना त्याने बोट टेकवलं होतं ते यावरच, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं, आणि डाव्यावर हा वण आहे, मग उजवा दाखवताना कशावर टेकवलं असेल, याचाही त्याने विचार करून पाहिला. मग त्याला एकाएकी हसू आलं आणि त्याच हसण्याच्या मागोमाग इतकं उघडंबोडकं वाटलं, की त्याने घाईने बाही खाली ओढली. दोनशे दारं. त्यातल्या किती जणांनी आपला दंड बघून स्वतःचा दंड पुढे केला असेल? त्यांचं काही वाईट झालं नव्हतं. लस चांगलीच होती, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती. ती चांगली आहे हे सगळ्या गावाला पटवता पटवता आपलं तेवढं राहिलं. आणि हे कुणाला समजावून सांगायला जावं तर कुणाचा विश्वास बसेल? मग घेऊन टाकावी गुपचूप, आणि त्या ताईला सांगावं की हो, डावाच? साडेतीन वाजून गेले होते. गुपचूप हा शब्द मनात येताच त्याला मोरीची ओल जाणवली, मग ती मोरी त्याची असो की भावाची.

तो उठून परत शिवणकाम करणारीच्या दारात गेला. मशीन चालू होतं. तिने पाय थांबवला.

‘ताई, मी लस घेतलेली नाही,’ तो म्हणाला. ‘डाव्यातही नाही, उजव्यातही नाही.’

सुईखालचं कापड सोडवून तिने घडी केली. मग म्हणाली, ‘मग तीन आठवडे दंड कसले दाखवत होतात?’ आता राग होता. आवाज चढला नव्हता, पण होता. ‘म्हणजे माझ्या आईने काय तुमच्या खोट्यावर जायचं होतं? तिला काही झालं असतं तर?’

‘काही झालं नसतं. लस चांगली आहे.’

‘मग तुम्ही का नाही घेतलीत?’

तो उंबऱ्यावर उभा होता. सांगण्यासारखी उत्तरं बरीच होती, कुपी, यादी, सरासरी, लांबण. त्यातलं एकेक त्याने मनात उचलून पाहिलं आणि खाली ठेवलं. ‘माहीत नाही,’ तो म्हणाला. ‘खरंच माहीत नाही. शोधतोय.’

‘कोण आहे गं?’ आतून आवाज आला.

‘मीटरवाले. त्यांनी स्वतःच घेतलेली नाही आई, इतके दिवस थापा मारत होते.’

आत पलंग करकरला. भिंतीला धरत म्हातारी बाहेर आली, उन्हाकडे बघावं तसे डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत राहिली. तिला धाप लागली होती, ती हळूहळू ओसरली. ‘घाबरलास?’ तिने विचारलं.

‘तेही नक्की सांगता येत नाही, आजी.’

‘हं,’ ती म्हणाली. मग लेकीकडे वळली. ‘तीन आठवडे झाले, जो येतो तो सांगतो, काही होत नाही, काही होत नाही. टीव्हीवाले तेच, सिस्टर तेच, तू तेच. मला काय होईल ते तुम्हाला कसं ठाऊक? हा पहिलाच भेटला ज्याला काही ठाऊक नाही.’ ती दम घ्यायला थांबली. ‘तू आज घेणार आहेस का?’

‘घेणार आहे.’

‘मग मला चपला दे गं. याच्याबरोबर जाते. थापाड्या आहे, पण वाटेत हात तरी धरील.’

लेक अजून धुमसतच होती. गल्लीतून जाताना दोन-तीन दारांत बायका उभ्या होत्या, त्यांच्यापैकी एकीने विचारलं, ‘निघालात का घ्यायला?’ आणि लेकीने सरळ सांगून टाकलं, ‘हो, निघालो. या मीटरवाल्यांनी आपल्याला गंडवलं, स्वतः घेतलीच नव्हती. आता घेणार आहेत. बघायचं असेल तर या.’ त्याचे कान तापले. दोन दारं बंद झाली. एका दारातून एक मध्यमवयीन जोडपं बाहेर आलं, लस घ्यायला की तमाशा बघायला, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. बाकी गल्ली तशीच राहिली.

परिचारिका रिकाम्या वर्गात बर्फाच्या पेटीवर कोपर टेकून बसली होती. पाच जण जमले होते, आणि आज शेवटच्या दिवशी दहा जमल्याशिवाय ती नवी कुपी फोडणार नव्हती. त्याने दारातच सांगून टाकलं. ती ऐकता ऐकता खुर्चीत ताठ झाली. ‘काका! मी रोज व्हरांड्यात ओरडत होते, कोण राहिलंय म्हणून!’

‘हो ना. मी शोधून आणायचो.’

‘शोधून आणायचे म्हणे!’ तिला हसावं की ओरडावं कळेना, म्हणून तिने संगणकावर बसणाऱ्या गृहस्थांना हाक मारली. त्यांनी नाव टाकलं आणि पडदा त्याच्याकडे वळवला. ‘तुमची झालेली आहे,’ ते म्हणाले. ‘इथे स्वच्छ दिसतंय. झालेल्याला पुन्हा झालं असं दाखवता येत नाही, आणि झालेल्याला झालं नाही असं तर मुळीच दाखवता येत नाही.’ वरच्या डॉक्टरांना फोन लागला. डॉक्टर एवढ्या जोरात बोलत होते की सगळ्यांना ऐकू येत होतं: खूण खोटी होती असं त्याने लिहून द्यावं, मग टोचा, खात्याला कळवलं जाईल, उद्यापासून हा माणूस कामावर नको. त्याने कागद मागितला. ‘मी माझ्या नावापुढे लस न घेता खूण केली’ हे वाक्य त्याने आपल्या चांगल्या अक्षरात लिहिलं. लिहून झाल्यावर वाचलं. सव्वीस वर्षांत त्याने स्वतःविषयी लिहिलेलं हे बहुधा पहिलं वाक्य होतं, आणि खात्यात ते आता त्याच्या नावावर कायमचं राहणार होतं. मग त्याने खाली सही केली.

आधीचे पाच, म्हातारी, तिची लेक, ते जोडपं, तेही शेवटी रांगेत बसलं, आणि तो. परिचारिकेने मोजले, बरोबर दहा. तेवढ्यात आधीच्या पाचांतला एक जण कामावर उशीर होतोय म्हणून उठून गेला, दहाचे नऊ झाले. ती दोन मिनिटं कुपी हातात फिरवत बसली. ‘जाऊ दे,’ ती म्हणाली. ‘एक मात्रा वाया का घालवली ते मलाही लिहून द्यावं लागेल. तुम्ही एक कागद लिहिलात, मी दुसरा लिहिते.’ आणि तिने कुपीचं झाकण उचकटलं.

यादीत त्याचं नाव आधी होतं, पण खुर्चीवर म्हातारी आधी बसली. सुई लागताना तिने तोंड फिरवलं नाही, उलट वाकून नीट पाहिलं. मग तो. मुंगी चावल्यासारखं नव्हतं. मुंगीशी त्याचा काही संबंध नव्हता. आधी थंड बोळा, मग एक बारीकसा, परका दाब, आत कुणीतरी हळूच दार लोटल्यासारखा, आणि ते दार उघडून काय आत आलं ते कळायच्या आत संपलंही. एवढंच? दोनशे दारांत सांगितलं त्यातलं यात काहीच नव्हतं. त्याला थोडं फसल्यासारखं वाटलं.

शेजारच्या वर्गात अर्धा तास बसायचं होतं. बाकं मुलांच्या मापाची, गुडघे हनुवटीला लागणारी. या वर्गात तो रोज फिरत असे, बसलेल्यांना धीर देत. आज बसल्यावर त्याला छताचा एक पोपडा दिसला, खिडकीच्या गजांची सावली फळ्यावर चढताना दिसली. म्हातारी शेजारच्या बाकावर होती, तिची लेक मागे. तो अंगात कान देऊन बसला. हृदय ठोके देत होतं, नेहमीपेक्षा जोरात की नेहमीइतकंच, हे सांगायला नेहमीचं त्याने कधी मोजलंच नव्हतं. बोटांची टोकं गार होती. आत, अगदी मागे, काहीतरी होतं, आणि ते आजचं नव्हतं. फार जुनं, धूळ बसलेलं, तिथेच असलेलं होतं. एवढी वर्षं ते कुठे ठेवलं होतं त्याने? त्याने त्याच्यावरून हळूच हात फिरवून पाहिला, काच पुसावी तसा.

परिचारिका तक्ता घेऊन आली. एकेकाला विचारत गेली: चक्कर, मळमळ, अंगावर पुरळ, ताप? नाही, नाही, नाही. तिने रकान्यांत फुल्या मारल्या. मग त्याच्यापाशी आली. ‘तुम्हाला तर प्रश्न पाठच आहेत, काका. काही त्रास?’

‘भीती वाटतेय,’ तो म्हणाला.

‘आत्ता? टोचून झाल्यावर?’

‘होती आधीपासूनच. आत्ता दिसली.’

तिने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. ‘याला रकाना नाही हो, काका.’

‘मग बाजूला लिही ना, बाई,’ म्हातारी शेजारच्या बाकावरून म्हणाली. ‘कडेला एवढी कोरी जागा आहे की. आणि त्याच्याखाली माझं नाव आहे ना? माझ्यापुढे वरीलप्रमाणे लिही.’

परिचारिकेने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग पेनाचं टोपण काढलं आणि समासात, बारीक अक्षरात, लिहून घेतलं.